चवथीआधीचे एक लाख आणि बोटीचा अवर मीटर

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. थोडक्यात असे:

"वय ४६. खनिजाच्या बार्जवर ड्रायव्हर होतो. २०१२ला खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, मार्च २०१८मध्ये परत थांबल्या. तेव्हापासून भाड्याची पिकअप चालवतो. आता मांडवीत पर्यटकांना फिरवणारी ३२ फुटी फायबरची बोट विकायला आहे. चोडणचे पक्षी, कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी, अशा फेऱ्या. इंजिन डिझेल, ९० हॉर्सपॉवरचे, लॉरीचेच बोटीसाठी बदलून घेतलेले. मालक साडेआठ लाख सांगतो. आठ सीझन चालवली, वर्षाला १३० दिवस धंदा होतो, इंजिन गेल्याच वर्षी ओव्हरहॉल केले, असे म्हणतो. बोट सध्या काठावर ताडपत्रीखाली आहे. ड्रमातले पाणी देऊन त्याने इंजिन पाच मिनिटे चालू करून दाखवले, आवाज छान होता. मीटरवर १,९०० तास आहेत. चवथीआधी एक लाख टोकन मागतो. माझ्या दोन एफडी आहेत, साडेतीन आणि अडीच लाखांच्या, आणि बचत खात्यात २,४०,०००. पत्नीचा पगार १७,०००, घरखर्च महिना ३०,०००. एफडी मोडू की पत्नीचे सोने गहाण ठेवू? मेकॅनिक, बोट तपासणारा सर्व्हेअर आणि इंजिन ऑइलची तपासणी मिळून १८,००० होतात. भाऊ म्हणतो, स्वतः इंजिनवाला असून हे पैसे कशाला घालवतोस?"

(बार्जवरचा ड्रायव्हर म्हणजे इंजिनखोली सांभाळणारा. सुकाणू सारंगाच्या हातात असते. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. हे इतर वाचकांसाठी.)

एफडी की सोने, हे नंतर बघू. पैसे कुठून आणायचे हे ठरवायला आधी किती आणायचे ते कळावे लागते, आणि बोटीची खरी किंमत अजून तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. मालकाला असेल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो मीटरचा आकडा. तुम्ही तो सहज लिहून गेलात. मालक म्हणतो आठ सीझन, वर्षाला १३० दिवस. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या, तर इंजिन साधारण चार तास चालणार. गुणाकार करा: ४,१६० तास. मीटर दाखवतो १,९००. कोविडमधले दोन सीझन पूर्ण बुडाले असे धरले, तरी उरलेल्या सहा सीझनचे ३,१२० तास व्हायला हवेत. ओव्हरहॉल करताना मीटर नवा बसवला म्हणावे, तर गेल्या एका वर्षात १३० दिवसांचे ५२० तासच होतात, १,९०० कुठून येणार?

म्हणजे दोनपैकी एक गोष्ट खोटी आहे. मीटर मध्ये बंद पडला असेल किंवा बदलला असेल, तर इंजिन सांगितल्यापेक्षा दुपटीने झिजलेले आहे. आणि मीटर खरा असेल, तर धंदा सांगितल्याइतका कधी झालाच नाही: सहा सीझन धरून वर्षाला ७९ दिवस, आठ धरून ५९. पहिल्यापेक्षा ही दुसरी शक्यता मला जास्त घाबरवते. झिजलेले इंजिन पैसे घालून दुरुस्त होते. गिऱ्हाईक तसे आणता येत नाही.

आता तुमचा हिशोब. दिवसाला ८,००० रुपये जमा धरतो. सीझनमधले चांगले-वाईट दिवस सरासरी करून हा आकडा घेतला आहे, तुमच्याकडे याहून नेमका असेल तर तो घाला. डिझेलची चांगली मोटर एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण पाव लिटरच्या आत डिझेल खाते. नदीत आरामात जाताना एक तृतीयांश ताकद लागते असे धरले, तर तासाला ७ लिटर, दिवसाला २८ लिटर, लिटरला ९० रुपयांनी २,५२०. खलाशाचे १,०००, हॉटेलवाल्यांचे आणि एजंटांचे कमिशन १५ टक्के म्हणजे १,२००. दिवसाचे उरले ३,२८०. वर्षाचा ठरलेला खर्च (विमा, सर्व्हे, परवाने, रंग, इंजिन ऑइल, फिल्टर) एक लाख धरा.

१३० दिवस झाले तर वर्षाला ३,२६,४०० उरतात. पत्नीच्या पगाराबाहेर घराला महिना १३,००० लागतात, म्हणजे वर्षाला १,५६,०००. ते गेले की कर्ज फेडायला १,७०,४०० हातात. ७९ दिवस झाले, तर उरतात १,५९,१२०. घर जेमतेम चालते, कर्जाला जवळपास काहीच नाही. ५९ दिवस झाले तर उरतात ९३,५२०, म्हणजे पिकअप परवडली.

म्हणून १८,०००चा खर्च वेडेपणा नाही. मागितलेल्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या थोडे वर एवढाच तो आहे. भावाचे म्हणणे अर्धे खरे आहे, इंजिन तुम्हाला माझ्यापेक्षा दसपट कळते. पण ही बोट तुमच्या मनात भरली आहे. पत्रात तुम्ही तिच्या आवाजाला "छान" म्हटलेत आणि भावाचे नाव पुढे करून १८,०००वर शंका घेतलीत. इतकी वर्षे पिकअप चालवून कंटाळलेला माणूस ज्या इंजिनाजवळ कान नेतो, ते इंजिन त्याला गोडच ऐकू येणार. बरोबर जाणाऱ्या मेकॅनिकला ती बोट विकत घ्यायची नसते, हाच त्याचा उपयोग. तो मालकाच्या ओळखीचा नको, आणि पुढे ओव्हरहॉलचे काम ज्याला मिळणार तोही नको.

माझ्या मामांनी काजूच्या बागेसाठी जुना डिझेल पंप घेतला होता. विकणाऱ्याने आम्ही पोहोचायच्या आधीच तो तापवून ठेवला होता. हँडलच्या पहिल्याच फेरीला सुरू. घरी आणला, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गडी दमले तरी हूं नाही की चूं नाही. तेव्हा कळले नाही, आता कळते: डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेट घेते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजले की दाब निसटतो, आणि थंड असताना तो सगळ्यांत जास्त निसटतो. म्हणून सकाळी लवकर जा, मालकाला नेमकी वेळ सांगू नका, आणि सेल्फ मारण्याआधी इंजिनावर तळहात ठेवा. कोमट लागले तर त्या दिवशीची तपासणी तिथेच थांबवा, दुसऱ्या दिवशी परत जा.

बाकीचे तुम्हाला पाठ आहे, तरी प्रत्येक गोष्टीपुढे रुपये लिहिण्यासाठी सांगतो. ऑइलची पट्टी काढल्यावर तेल दुधाळ दिसले तर आत पाणी जाते आहे. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेला. या दोन्हींपैकी एक जरी दिसले तरी किंमत कमी करण्याच्या भानगडीत न पडता घरी या. काळा धूर बहुधा नोझल, हवा किंवा जादा लोड यांचा, आणि तो बऱ्याचदा थोडक्यात सुटतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, तो थोडक्यात सुटत नाही. पांढरा धूर सुरुवातीला थोडा चालेल, गरम झाल्यावरही राहिला तर नाही. चालू इंजिनाचे ऑइल भरायचे झाकण काढल्यावर भसाभस वाफ आली, तर ओव्हरहॉल झाल्याची गोष्ट विसरा. एक्झॉस्टचा वाकडा पाइप, जिथे खारे पाणी धुरात मिसळते, तो आतून कुजतो आणि बाहेरून रंगवलेला असतो. उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी नदीत बरेच वर चढते, त्यामुळे नदीतली बोट म्हणून हीट एक्स्चेंजर (इंजिनातले पाणी बाहेरच्या पाण्याने गार करणारा भाग) आणि गंज स्वतःवर ओढून घेणारे जस्ताचे तुकडे बघायचे टाळू नका. इंजिनावर ताजा रंग असेल तर त्याचे कौतुक करू नका, कारण विचारा.

तेलाच्या तपासणीबद्दल एक बारीक गोष्ट. नमुन्यात लोखंड, तांबे, शिसे किती सापडते त्यावरून आतली झीज कळते, आणि सोडियम दिसले तर खारे पाणी शिरल्याचा संशय. पण मालकाने काल ऑइल बदलले असेल तर रिपोर्ट गोरागोमटा येणार आणि तुमचे पैसे वाया. बदलल्याची तारीख आधी विचारा. ताजे असेल तर ती तपासणी वगळा, तेवढे पैसे वाचवा आणि कॉम्प्रेशन टेस्टवर, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्यावर, जोर द्या.

"ओव्हरहॉल केले" या शब्दांना पावती लागते: लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट किट, आणि वर्कशॉपचे मजुरीचे बिल. पावती नाही तर ओव्हरहॉल नाही, असेच धरून भाव ठरवा.

हे सगळे करूनही काठावरची बोट अर्धीच कळते. ड्रमातल्या पाण्यावर पाच मिनिटे चालले याचा अर्थ ते सुरू होते, एवढाच. पंख्यावर भार नसताना थकलेले इंजिनही गुणगुणते. खरी परीक्षा पाण्यात: पाच-सहा माणसे बसवून तासभर चालवायची, त्यातली दहा-पंधरा मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर. कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत जाते का, तापमान एका जागी थांबते की चढतच राहते, गियर पुढे-मागे टाकताना आदळतो का, पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून थेंब येतात की धार. पावसात ही चाचणी होत नाही, आणि मालकाला टोकन नेमके पावसातच हवे आहे. त्याच्या मनात काही वाईट असेलच असे मी म्हणत नाही. चवथीला पैसा प्रत्येक घरी लागतो. पण त्याची चवथ तुम्ही एक लाखाने साजरी करायची गरज नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. अडीच लाखांची एफडी मोडायची नाही, तिच्यावर कर्जही काढायचे नाही. पावसाळ्याचे चार महिने बोट उभी राहणार, घराला ५२,००० लागणार, आणि उरलेले इंजिनासाठी. इंजिन जुने असले की हे पैसे लागतात का हा प्रश्न नसतो, कधी लागतात एवढाच. डिसेंबरात वीस दिवस बोट बंद पडली तर दुरुस्तीचा खर्च वेगळा, नुसते बुडालेले उत्पन्न ६५,६०० होते, आणि नाताळचे दिवस सरासरीपेक्षा मोठे असतात.

राहिले साडेतीन लाखांची एफडी आणि बचतीतले २,४०,०००, मिळून ५,९०,०००. एफडी मुदतीआधी मोडल्यास बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात, ते सोसा. त्यावर सोन्याचे कर्ज फार तर दीड लाख. अकरा टक्के धरले तर वर्षाचे व्याज १६,५००, आणि १३० दिवसांचा सीझन झाला तर त्या १,७०,४००मधून मुद्दल-व्याज एका वर्षात फिटते, जेमतेम. म्हणजे इंजिन उत्तम निघाले आणि धंद्याचा पुरावा मिळाला, तरी तुमची वरची रेघ ७,४०,०००. साडेआठ लाखांना ही बोट चांगली असली तरी तुमच्यासाठी नाही. ओव्हरहॉल लागणार असे निघाले, तर तुमच्या मेकॅनिकच्या लेखी अंदाजाइतकी रक्कम त्यातून वजा करा. २,२०,०००चा अंदाज आला तर देणे ५,२०,०००, त्यावर नाही.

धंद्याचा पुरावा म्हणजे तोंडी आकडा नव्हे. डिझेलची बिले मागा. वर्षाला ३,६४० लिटर तेल घेतलेला माणूस काही ना काही कागद दाखवू शकतो. बिले मीटरशी जुळली आणि दिवस ७९च्या आसपास निघाले, तर वरची रेघही विसरा. मग सोने गहाण ठेवायचे नाही, ५,९०,०००च्या आत बसत असेल तरच पुढे जा, आणि पहिला सीझन पिकअप पूर्ण सोडू नका.

कागदांचे लवकर उरकतो. कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडची (सरकारच्या बंदर खात्याकडची) नोंदणी, सर्व्हेचे प्रमाणपत्र, किती प्रवाशांची परवानगी, आणि बोटीवर बँकेच्या कर्जाची नोंद आहे का. इंजिनावर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. विमा कंपनीला आधीच विचारा, कारण तिलाही सर्व्हे लागेल, आणि एकाच सर्व्हेत दोन्ही कामे होत असतील तर १८,०००मधले काही वाचतील.

टोकन द्यायचेच तर २०,०००, बँकेतून, स्टॅम्प पेपरवर. त्यात तीन वाक्ये असू द्या: बोट पाण्यात उतरल्यावर तुमच्या मेकॅनिकसमोर तासभर चाचणी होईल, चाचणीत किंवा कागदांत दोष निघाल्यास सात दिवसांत पूर्ण रक्कम परत, तोवर मालक दुसऱ्याशी व्यवहार करणार नाही. यावर तो सही करायला कचरला, तर १८,००० खर्च न करताच तुम्हाला इंजिनाची बरीच माहिती मिळाली असे समजा.

आणि सोने वहिनींचे आहे. पत्रात त्यांचा पगार आला, त्यांचे दागिने आले, त्यांचे मत आले नाही. मीटरचा गुणाकार त्यांच्यासमोर बसून करा.