बाळाचं पुढचं कोण सांगतं?

प्रश्न : मी सोलापूरची, बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायॉलॉजी दोन्ही घेतलंय. ताईचं बाळ जन्मल्यावर रडलं नाही, ९ दिवस काचेत होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला ऑक्सिजन कमी पडलाय, पुढचं आत्ताच सांगता येणार नाही. बाळ आता साडेतीन महिन्यांचं आहे. हे ‘पुढचं’ सांगायला शिकायचं तर एमबीबीएसच करावं लागतं का? पप्पा यंत्रमागावर आहेत, नीटसाठी जादा वर्ष परवडणार नाही.

उत्तर : आधी त्या डॉक्टरांबद्दल. त्यांनी काही लपवलं नाही. पहिल्या मिनिटांतला ॲपगार स्कोअर बाळ त्या घडीला कसं आहे एवढंच सांगतो. पुढच्या काही दिवसांत बाळाची शुद्ध, अंगातला ताठरपणा किंवा ढिलेपणा, झटके पाहून सौम्य, मध्यम, तीव्र अशी पायरी ठरते. ही सार्नाट पद्धत १९७६ पासूनची. सोबत ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), आठवड्याच्या आसपास एमआरआय. एवढं करूनही मधल्या पायरीवरच्या बाळांचं भाकीत कठीणच.

म्हणजे हे एकट्या डॉक्टरचं काम नाही. डॉक्टरकीचा रस्ता मात्र लांब आहे: एमबीबीएस साडेपाच वर्षं, बालरोगात एमडी तीन, मग नवजात शिशू किंवा मुलांच्या मेंदूविकारांत डीएम आणखी तीन. घरची ओढाताण बघता एवढ्या एकाच रस्त्यावर सगळं लावू नकोस.

तुझ्या गणिताकडे मी जास्त बघतो. श्रीमंत देशांत अशा बाळांचं अंग ७२ तास साडेतेहेतीस अंश सेल्सिअसवर थंड ठेवतात. त्याने मृत्यू आणि अपंगत्व कमी झालं. तोच उपाय भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत तपासला. २०२१ मध्ये हेलिक्स नावाच्या या चाचणीचे निकाल आले: फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त. तिकडचा हिशोब इकडे लागला नाही. मग तिकडच्या बाळांवर बेतलेली भाकिताची सूत्रं तरी इथे डोळे मिटून कशी वापरायची? आपल्या बाळांच्या नोंदी नीट ठेवणारी, त्यातून अर्थ काढणारी माणसं लागतील. त्यासाठी संख्याशास्त्र किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंग. सीईटीचा फॉर्म भरून ठेव.

फिजिओथेरपीला दुय्यम समजू नकोस (आपल्याकडे समजतात, आणि मला त्याचा राग येतो). तीन ते पाच महिन्यांचं बाळ उताणं पडून हातपाय, मान, अंग सतत बारीक-बारीक हलवतं. त्या हालचाली दिसल्या की पुढे सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या अपंगत्वाची) शक्यता बरीच कमी होते. दिसल्या नाहीत तर बाळाकडे बारकाईने लक्ष द्यावं लागतं. त्याला मोठं यंत्र लागत नाही, थेरपिस्टची शिकलेली नजर आणि व्हिडिओ पुरतो.

ताईचं बाळ नेमकं त्याच वयात आहे. डिस्चार्ज कार्ड घेऊन सिव्हिलच्या बालरोग विभागात जा, अशा बाळांची तपासणी आणि थेरपी कुठे होते ते विचार. तूही सोबत जा, थेरपिस्ट बाळाला कसं हाताळतात ते बघ. अभ्यासाचा एक दिवस गेला तरी चालेल.