रजिस्टर पाठवू का, असं विचारलंत म्हणून

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. खेड्यातली खासगी, फक्त मुलांची शाळा, पुढच्या वर्षी अमृतमहोत्सव आणि स्मरणिकेत इतिहास लिहायचं काम तुमच्या गळ्यात. त्यात शेवटी सहज विचारलंत, की जुनं दाखल-खारीज रजिस्टर (शाळेत आलेल्या-गेलेल्या पोरांच्या नावाजातीची नोंद असलेलं) एका कार्यालयानं पडताळणीसाठी मागितलंय, पाठवू का? मी फक्त त्यावरच लिहितो. छपाई, वर्गणी, जाहिराती हे तुम्हाला माझ्याहून बरं जमत असेल.

पाठवू नका.

आमची शाळा 1937 ची. गावच्याच एका पोराच्या जात पडताळणीसाठी असंच पत्र आलं. तेव्हा मी शाळेच्या समितीत होतो. चांगलं काम आहे म्हणून 1937 ते 1949 चं अख्खं रजिस्टर शिपायाच्या हाती धाडलं. जावक वहीत लिहिलं, "रजिस्टर नग एक". पानं किती, पहिली नोंद कोणाची, काहीच नाही. पोच घेतली नाही. त्या पोराचं काम झालं, रजिस्टर मात्र आलं नाही. त्यानंतर अकरा चकरा मारल्या. साहेब दौऱ्यावर, टेबल बदललं, बाबू रजेवर. शेवटच्या चकरेत एका बाबूनं शांतपणे विचारलं, "तुम्ही दिलं होतं याचा पुरावा काय?" यष्टीत बसून घरी येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

स्मरणिकेत पहिल्या बॅचची नावं नाहीत, ही त्यातली छोटी गोष्ट. पडताळणीत अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीच्या नोंदींना वजन असतं. गावातल्या तीन घरांच्या आजोबांची नोंद फक्त त्याच रजिस्टरात होती. ती घरं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

मी वकील नाही, नियम बदलतात, तुमच्याकडे विचारून घ्या. पण माझं मत पक्कं आहे: मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा प्रमाणित उतारा द्या. मूळच पाहायचं असेल तर तुमचा माणूस रजिस्टर घेऊन जाईल, समोर बसेल आणि संध्याकाळी परत आणेल. त्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. सकाळच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, शाई उडालेली असली की पान पांढरंफट्ट येतं. उधई (वाळवी) लागली असेल तर आधी रजिस्टरचं कपाट भिंतीपासून सरकवा. आम्ही कडुलिंबाचा पाला घालत राहिलो आणि उधई मागच्या भिंतीतून येत राहिली.

आता इतिहासाचं. रजिस्टर गेल्यावर मी म्हाताऱ्यांच्या आठवणींवर भिस्त ठेवली. त्यात गांधीजी शाळेच्या पायाभरणीला आले होते, असं तिघांनी शपथेवर सांगितलं. गांधीजींचा हरिजन दौरा 7 नोव्हेंबर 1933 ला वर्ध्याहून निघाला, आमची शाळा त्यानंतर चार वर्षांनी. गावातून गेले असतील, पाया घातला नाही. दुसरं, संध्याकाळची खंजिरीवरची सामुदायिक प्रार्थना "पहिल्या दिवसापासून" आहे म्हणे. अशी प्रार्थना तुकडोजी महाराजांची, आणि त्यांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम 1935 चा, म्हणजे अशक्य नाही. पण बोर्डिंगच्या जुन्या शिपायानं सांगितलं, की मोझरीला जाऊन आलेल्या एका मास्तरांनी ती पुष्कळ नंतर सुरू केली. मी शिपायाचं छापलं. हेडमास्तरांना परंपरा आठवते, शिपायाला घंटा कोणी बदलली ते आठवतं. बोर्डिंगची पोरं तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन मास्तरांच्या घरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जायची, हेही त्यानंच सांगितलं. आमच्या स्मरणिकेतलं लोकांनी खरोखर वाचलेलं पान तेवढंच. मंत्र्यांच्या शुभेच्छांची चौदा पानं कोणी उघडली नाहीत, तुम्ही दोनच ठेवा.

कागद शोधायला पुण्याकडे पत्रं धाडू नका, मी दोन वर्षं घालवली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला विदर्भ मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, तेव्हा आधी नागपूरचं अभिलेखागार. न्यासाची नोंदणी जुनी असेल तर 1951 च्या मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास कायद्यात नोंदणी करणारे निबंधक म्हणजे जिल्हाधिकारीच होते, म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नाही सापडलं की जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. आणि नोंदणीची तारीख ती शाळेची तारीख समजू नका. पोरं आधी कुणाच्या तरी ओसरीवर बसलेली असतात.

सगळ्यांची जन्मतारीख 1 जुलै दिसली तर घाबरू नका. शाळा जूनच्या शेवटी उघडायची, मास्तरांना लवकर वर्ग भरायचा असायचा, मग खरी तारीख माहीत नसली की तीच लिहून टाकायचे.

काही पानं मोडी लिपीतली निघाली तर घाबरू नका. त्यांचा फोटो इथे टाका, आमच्याकडचे एक काका वाचून देतात, चहावर. फक्त नावांचा आणि जातीचा रकाना झाकून टाका.