जुने अमेरिकन कॉमिक्स वाचायला घेतोयस ना, मग हे बघ

अरे एकदम सगळ्यावर तुटून पडू नकोस, आधी १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक घे, तेव्हा दहा सेंटला मिळायचा, आणि त्यातली सुपरमॅनची पानं सावकाश बघ. त्यात तो उडतच नाही रे, नुसत्या लांबलांब उड्या मारतो, आणि बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला उचलून भिंतीवर आपटतो, परग्रहावरचे व्हिलन वगैरे काही नाही, मंदीच्या दिवसातला गरिबांचा कैवारी आहे तो. क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टरने, केलेला, आणि हक्क गेले फक्त १३० डॉलरला! मला अजून वाईट वाटतं.

म्हणून छापलेल्या नावावर जाऊ नकोस, बॅटमॅनवर कित्येक वर्षं एकट्या बॉब केनचं नाव यायचं, त्याच्यासोबत बॅटमॅन घडवणाऱ्या लेखक बिल फिंगरला रीतसर क्रेडिट मिळालं ते थेट २०१५ मध्ये.

अजून एक, कव्हरवरची तारीख खरी धरायची नाही, अंक त्याच्या दोन-तीन महिने आधीच स्टॉलवर यायचा. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ आहे पण तो आला १९४० च्या डिसेंबरात, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या वर्षभर आधी त्याच्या निर्मात्यांनी, जो सायमन आणि जॅक कर्बीने, कॅप्टन अमेरिकाने हिटलरच्या तोंडावर ठोसा मारलेला दाखवला, केवढी हिंमत लागते!

ओरिजिनल अंकांच्या मागे लागू नकोस, युद्धात रद्दी गोळा करताना ढिगाने गेले त्यामुळे किमती आवाक्याबाहेर आहेत, रिप्रिंटच घे.