'वापरकर्ता चाचणी' : चाचणी नेमकी कोणाची?

हिंजवडीत टेस्टिंगचं काम करणाऱ्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या टीमने पुण्यातल्या एका पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर केलं. ते ताब्यात घेण्याआधी संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः चालवून बघायचं होतं. या टप्प्याला त्या क्षेत्रात 'यूएटी', म्हणजे युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणतात. पत्रात ताईंनी लिहिलं, 'शनिवारी वापरकर्ता स्वीकृती चाचणी आहे.' तर काउंटरवरच्या एका बाईंनी काळजीने विचारलं, "आमची परीक्षा आहे का? काय वाचून यायचं?" ताई विचारतात, शब्द चुकला का? मग बरोबर शब्द कोणता?

माझ्या मते त्या बाईंनी मराठी अगदी बरोबर वाचलं. रक्तचाचणी म्हटलं की रक्त तपासतात, माती चाचणी म्हटलं की माती. 'चाचणी'च्या आधीचं नाम बहुधा जे तपासायचं त्याचंच असतं. त्यामुळे 'वापरकर्ता चाचणी'चा विग्रह कानाला 'वापरकर्त्याची चाचणी' असाच होतो. आता हा 'ची' दुहेरी आहे. 'आईची आठवण' म्हणजे आपल्याला येणारी आईची आठवण, किंवा आईला येणारी. संस्कृत व्याकरणात याच फरकासाठी कर्तरि षष्ठी आणि कर्मणि षष्ठी असे दोन प्रकार सांगितले आहेत. वाक्यात संदर्भ असला की आपण चुकत नाही. समासात प्रत्यय लोपतो आणि मग ऐकणारा सवयीचा अर्थ धरतो. शिवाय 'चाचणी' म्हटलं की आपल्या सगळ्यांना शाळेतली घटक चाचणीच आठवते. युनिट टेस्टिंगला शब्दशः तेच नाव होईल, पण तिथे तपासला जातो प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा. इथे माणूसच तपासला जाणार असं वाटलं, आणि बाई धास्तावल्या.

अशी धास्ती नुकसान करते. परीक्षेला बसलेला माणूस चूक झाली की ती स्वतःची समजून गप्प बसतो. यूएटीला तर तीच चूक मोठ्याने सांगणारा माणूस हवा असतो.

हे मी जवळून पाहिलं आहे. पेठेतल्या एका वाचनालयात सभासद नोंदणीचं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. नावाच्या रकान्याला १२ अक्षरांची मर्यादा होती. करणाऱ्यांनी 'रमेश', 'सुनीता' अशी नावं घालून पाहिली होती; सगळं पास. ग्रंथपालबाईंनी एका जुन्या सभासदांचं नाव टाइप केलं, 'लक्ष्मीनारायण'. पडद्यावर उमटलं 'लक्ष्मीनाराय'. त्यांनी खोडून पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. आपण मोजतो ल, क्ष्मी, ना, रा, य, ण अशी सहा अक्षरं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो तिच्यात, मात्र हलन्ताचं (पाय मोडल्याचं) चिन्ह, काना, वेलांटी प्रत्येक वेगळं धरलं जातं, आणि या नावाची १३ चिन्हं होतात. तेरावा 'ण' बाहेर पडला. 'श्रीकृष्ण' हे तीन अक्षरी नावही तिथे नऊ जागा खातं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. 'रमेश'चं शीत शिजलेलं असलं तरी 'लक्ष्मीनारायण' कच्चं राहतं. आणि ते कच्चं शीत लागतं रोज खऱ्या माणसांची नावं लिहिणारीच्या हाताला.

बॅरी बोम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन यांतला फरक दोन प्रश्नांत सांगितला आहे. मराठीत तो नुसत्या शब्दक्रमाने उतरतो : 'वस्तू बरोबर बनवतोय ना?' आणि 'बरोबर वस्तू बनवतोय ना?' पहिल्याला 'पडताळणी' हा शब्द चपखल आहे, कारण पडताळा पाहायला आधी काहीतरी लिहिलेलं लागतं. १२ अक्षरं ठरली होती, १२ घेतली, पडताळा जुळला. दुसऱ्याचं उत्तर वापरणाऱ्याकडेच असतं.

त्या दुसऱ्यासाठी आपल्याकडे फार सुंदर क्रियापद आहे : '-ऊन पाहणे'. चप्पल घालून पाहतो, भाजी चाखून पाहतो, दुचाकी चालवून पाहतो. यात हात करतो आणि डोळा निकाल पाहतो, दोन्ही एकाच माणसाचं. 'वापरून पाहणे' यापेक्षा नेमकं मला काही सुचत नाही. त्याचं नाम 'पाहणी' करू नये; पाहणी अधिकारी करतात, तीही बहुधा हात न लावता.

'स्वीकृती'बद्दलही तक्रार आहे. तिचा उलटा शब्द बोलण्यात नाही. 'अस्वीकृती' काउंटरवर कोण म्हणेल? 'पसंत' म्हटलं की 'नापसंत' लगेच तोंडात येतं, आणि नापसंत म्हणायची मोकळीक नसेल तर त्या शनिवारी बोलावण्यात अर्थ नाही. 'पदरात पडलं, पवित्र झालं' म्हणून पुढची दहा वर्षं ते सॉफ्टवेअर निभावून न्यायची वेळ येऊ नये, यासाठीच तर हा टप्पा असतो.

तेव्हा ताई, फायलीवर 'यूएटी' राहू द्या, तुमच्या लोकांना ते कळतं. मराठी शीर्षक हवंच असेल तर 'कर्मचाऱ्यांकडून सॉफ्टवेअरची चाचणी' लिहा. 'कडून' आणि 'ची' यांनी कर्ता-कर्म वेगळे होतात. आणि पत्रात सरळ लिहा : 'शनिवारी नवीन सॉफ्टवेअर तुम्ही वापरून पाहायचं आहे. तपासणार तुम्ही, तपासलं जाणार सॉफ्टवेअर. कुठे अडलं, काय नापसंत आहे, ते आम्हाला सांगा. येताना रोजची खरी कामं आणि अवघड नावं घेऊन या.'