मुलगा शाळेची दारं दुरुस्त करत बसतो, पुढे काय?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा नववीत आहे, मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून शिपाईकाकांबरोबर वर्गांच्या कड्या बसवतो, बिजागऱ्यांना तेल घालतो, आणि त्याचे बाबा म्हणतात की एवढं शिकवून सुतारच करायचाय का. हा नाद सोडवावा का असं तुम्ही विचारलंय. अजिबात सोडवू नका.

पत्रात तुम्ही जाता जाता लायब्ररीच्या दाराचं लिहिलंय ना, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पावसाळ्यात दार खाली घासायला लागलं, सगळे म्हणाले रंधा मारा, पण हा म्हणाला थांबा आणि आधी वरची बिजागरी बघितली, तर स्क्रू सैल, भोक मोठं झालेलं, मग फेविकॉल लावून लाकडाची खुंटी ठोकली आणि लांब स्क्रू घातला. एकदम बरोबर केलं त्याने, कारण दाराची ओढ वरच्या बिजागरीवर येते, ती सुटली की कडीकडची बाजू खाली झुकते. शिवाय पावसात फुगलेलं लाकूड तासलं तर उन्हाळ्यात ते आकसून फट पडते. म्हणजे त्याला नुसती ठोकाठोकी आवडत नाहीये, बिघाड मुळात कुठून आला ते शोधायला आवडतंय, आणि मेंटेनन्सच्या कामात हीच नजर लागते.

आता पुढचं. आयटीआयला सुतारकामाचा ट्रेड 1 वर्षाचा असतो, पण तुमच्या मुलासाठी मला फिटर, म्हणजे यंत्रांचे भाग बसवण्या-जुळवण्याचा ट्रेड, जास्त योग्य वाटतो. तो 2 वर्षांचा आहे, दहावीला गणित-विज्ञान लागतं आणि तो करून पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, म्हणजे बाबांना इंजिनिअरिंग हवं असेल तर तेही यातूनच होतं. मोठी हॉस्पिटलं, हॉटेलं, एअरपोर्ट इथे डोअर क्लोजर (दार आपोआप बंद करणारं यंत्र), आग अडवणारी फायर डोअर, सेन्सरवर उघडणारी दारं असतात आणि त्यांची देखभाल करायला माणसं लागतातच. सुरुवातीचा पगार मात्र फार नसतो, अप्रेंटिसशिपमध्ये तर स्टायपेंडच मिळतो, हे घरात आधीच बोलून ठेवा. बाबांची काळजी चुकीची नाहीये, फक्त सुतार म्हणजे कमीपणा हे त्यांच्या मनातून काढायला हवं.

पुण्याजवळ पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केलेला, तिथे हाताने काम करत शिकायचा 1 वर्षाचा निवासी कोर्स आहे, एकदा जाऊन बघून या. आणि पुढे दुरुस्तीपेक्षा नवीन वस्तू बनवण्यात जास्त रस वाटला तर बारावीनंतर अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) एन्ट्रन्स देता येईल, तिथे फर्निचर डिझाइन शिकवतात, पण त्यासाठी ड्रॉइंगचा सराव आत्तापासून हवा.

सध्या एवढंच करा, त्याला एक वही द्या, कुठल्या खोलीचं दार, काय बिघडलं होतं, का बिघडलं, काय केलं, सोबत मापं टाकून स्केच. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि ड्रिल मशीन किंवा काचेचं दार असेल तर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय हात लावायचा नाही, गॉगल घालायचाच. गणिताचा क्लास चालू ठेवा, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी जवळच्या आयटीआयचं वर्कशॉप त्याला दाखवून आणा, बाबांनाही बरोबर न्या.