पळस फुलला म्हणजे काय झालं?

प्रश्न : काका, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. आम्हाला एक कविता आहे. उघड्या टेकडीवर पळस पेटलाय, खालची वाट दिवसभर रिकामी आहे आणि कुणीतरी एकटं उभं राहून ती वाट पाहतंय. वर्गात सांगितलं, पळस म्हणजे प्रेमाची ओढ, वसंताचा उन्माद. मी चाचणीत लिहिलं, पळस म्हणजे घरचं माणूस दूर जाणं. कारण पळस फुलतो तेव्हा आमच्याकडचा कापूस संपलेला असतो आणि बाबा वीटभट्टीवर बाहेरगावी जातात. शिवाय पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पळसाचे मेढे म्हणजे फांद्या दारात ठेवतात, मग गावाबाहेर नेऊन टाकतात, म्हणून पळस इडापिडा नेतो, असंही लिहिलं. ‘हे तुझं वैयक्तिक आहे, कवितेतलं नाही’ असा शेरा आला. प्रतीकाचा अर्थ असा आधीच ठरलेला असतो का?

उत्तर : बेटा, ठरलेला नसतो. वर्गात सांगितलेला अर्थ चुकीचा नाही, त्याला फार जुनं पाठबळ आहे. पण जुन्यांनीही पळसाचा एकच अर्थ धरून ठेवला नव्हता. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात कालिदासाला पळसाच्या लालभडक, बाकदार कळ्या म्हणजे वसंताने वनभूमीच्या अंगावर उमटवलेले नखांचे ओरखडे वाटतात. ऋतुसंहारात तोच पळस जळत्या आगीसारखा दिसतो आणि त्याने झाकलेली जमीन लाल शालूतल्या नव्या नवरीसारखी. आणि विद्येविना माणूस कसा, तर वास नसलेल्या पळसफुलासारखा, असं सुभाषित आहे. आपल्या बोलण्यात तर फुलाचा पत्ताच नाही. कुठंही जा, पळसाला पानं तीनच! यातला कोणता पळस खरा म्हणायचा?

‘वैयक्तिक’ या शेऱ्याचं मला मनापासून वाईट वाटलं. विश्वनाथाच्या साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात एक जुनं वचन उतरवलेलं आहे. ज्याच्या मनात वासना नाहीत, म्हणजे जगण्यातून मुरलेले संस्कार नाहीत, तो प्रेक्षक रंगमंडपातल्या लाकडासारखा, भिंतीसारखा, दगडासारखा. मनात आधीचं काही असल्याशिवाय कविता आत शिरतच नाही, हे आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी मानलेलं आहे. ज्याला वैयक्तिक म्हणून बाजूला सारलं, त्याच्याच जोरावर तू ती कविता वाचलीस.

काश्मीरचा मम्मट हा ११व्या शतकातला काव्यशास्त्रकार. त्याने आपल्या काव्यप्रकाश या ग्रंथात एवढंच वाक्य घेतलं : ‘सूर्य मावळला.’ कुणासाठी त्याचा अर्थ गाई घराकडे वळवा, कुणासाठी काम थांबवा, कुणासाठी संध्येला बसा, तर कुणासाठी प्रियकर अजून आला नाही. वाक्य तेच, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, यावर अर्थ बदलतो. आपल्या गावात म्हणून बघ. दिवस बुडाला म्हटलं की कापूस वेचणाऱ्या बाईला गाठोडं काट्यावर चढायचं दिसतं, आणि ज्याच्या हरभऱ्याला ओलीत म्हणजे पाणी द्यायचंय त्याला रात्री येणारी वीज, रात्रीची लाईन आठवते.

माझ्या मनात पळस म्हटलं की आधी फूल येतच नाही, पान येतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी व्हायची. पळसाचं रुंद पान हातात घ्यायचं, त्यावर तूप-हळद, आणि जू बसून बसून जिथं कातडं राठ, काळं पडलंय तिथं हलक्या हाताने चोळत जायचं. बैल मान खाली करून उभा राही, मधेच कातडी थरथरवी. मग त्याच्या कानाशी म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ कवितेत पळसाचं पान आलं तर मला त्यात राबणाऱ्या जिवाबद्दलची माया दिसणार, मी काहीही केलं तरी.

पण म्हणून तुझ्या कवितेत मी बैल आणणार नाही. आणि इथंच तुझ्या उत्तराचे दोन भाग मला वेगळे करावेसे वाटतात. दूर जाण्याचा अर्थ कवितेत बसतो, नव्हे, चांगलाच बसतो. रिकामी वाट आहे, एकटं उभं राहणं आहे, आणि पळस पानं गळाल्यावर, माळ भकास असताना फुलतो, हे तू दरवर्षी पाहतेस. वाट पाहणारी प्रेयसीच कशावरून, मुलगी का नाही? कवितेने ते सांगितलेलंच नाही. वर्गातला विरह आणि तुझ्या अंगणातला विरह, दोन्हीला तिथं जागा आहे. उलट फक्त उन्माद म्हणणाऱ्याला त्या रिकाम्या वाटेचं काय करायचं, हे सांगावं लागेल.

मेढ्यांचं मात्र मी मान्य करणार नाही. प्रथा खरी आहे, मोलाची आहे, पण त्या कवितेत दार नाही, रोगराई नाही, गावाबाहेर काही टाकणं नाही. शिवाय मेढे श्रावण अमावस्येनंतरचे, तेव्हा झाड हिरवंगार असतं; कवितेतला पळस फाल्गुनातला. तिथं कवितेतली एकही ओळ तुझ्या बाजूने उभी राहत नाही.

परीक्षेत असं लिही : आधी परंपरेतला शृंगाराचा पळस दोन वाक्यांत सांग, कालिदासाचा दाखला दे. मग ‘मात्र या कवितेत’ म्हणून रिकाम्या वाटेची ओळ जशीच्या तशी उतरव, आणि तिच्या खाली तुझा अर्थ मांड. बाबांचं वीटभट्टीवर जाणंही एका वाक्यात येऊ दे, ते लपवू नकोस. चाचणीचा पेपर घेऊन सरांना पुन्हा भेट. त्यांना मम्मटाचं ते वाक्य दाखव आणि विचार, ‘सर, वाट कुणाची पाहिली जातेय, हे कोणत्या ओळीवरून ठरवायचं?’ ते काय म्हणाले, मला नक्की कळव.