आततायी की आठवीतला?

"आमचा मुलगा फार आततायी आहे हो. हा आजार असतो का?" पालक हे वारंवार विचारतात. त्यातली ही एक केस, ओळख पटेल ते तपशील बदलून.

मुलगा आठवीतला. पैज लागली म्हणून शाळेच्या छज्ज्यावरून उडी मारली, पाय मोडला. त्याआधी ट्यूशनच्या सरांची नक्कल करून मुलांच्या ग्रुपवर टाकली होती. आई त्याच्यादेखतच "आततायी, आततायी" म्हणत होत्या आणि तो खाली मान घालून प्लास्टर खरवडत होता.

संस्कृतात आततायी म्हणजे धनुष्य ताणून जिवावर उठलेला. आग लावणारे, विष घालणारे यांची त्यांत गणना व्हायची. मराठीत शब्द बराच निवळला. मागचापुढचा विचार न करता टोकाला जाणारा, इतकाच अर्थ उरला. तरी शिक्का बसतो तो माणसावर. आईंना म्हटलं, "उडी अविचाराची होती म्हणा. आणि असं काय काय, कधी, कोणासमोर घडलं ते लिहून आणा."

त्यांनी आणलेल्या कागदावरचे सगळे पराक्रम मित्रांच्या घोळक्यातले निघाले. एरवी आजोबांच्या गोळ्या हाच वेळेवर देतो.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं, आवेग आवरणं अवघड जाण्याची अवस्था. तिच्या निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आणि किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी नि शाळेत वगैरे, दिसावी लागतात. इथे तसं नव्हतं; मानसोपचारतज्ज्ञांनीही तपासून तेच सांगितलं. ("मोबाइलवर तासन्‌तास बसतो, म्हणजे एडीएचडी नाहीच" हा तर्क मात्र करू नका. आवडत्या गोष्टीत ती मुलंही रमतात.)

गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेममध्ये 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी मित्र बघत असताना एकटं असण्यापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांमध्ये तसा फरक जवळजवळ पडला नाही. हे ऐकून मुलानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मग पोरं चिडवायला लागली की काय करू?"

उपदेश टाळला. पैज लागली की तोंडातून काय निघेल, ते त्यालाच ठरवायला सांगितलं. त्यानं निवडलं, "आधी तू मार उडी." मग आईनं मित्र व्हायचं, त्यानं उत्तर द्यायचं, अशी तालीम केली. आईंचा अभिनय भलताच रंगला!

त्यानंतरही एकदा वर्गात फटाका वाजला. पण पैज कुणाची होती, हे यावेळी त्यानं घरी स्वतःहून सांगितलं.